वर्गणीचा चेंडू : कलकत्त्यातील शालेय फुटबॉलचा आरंभ आणि सवंगड्यांचे नेतृत्व

भारतीय फुटबॉलचा इतिहास सांगावयाचा झाला की आरंभ बहुधा २९ जुलै १९११ या दिवसापासून होतो. त्या दिवशी मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला दोन विरुद्ध एक गोलने हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकले. अकरा खेळाडूंपैकी दहा अनवाणी होते. पुढे त्याच वर्षाच्या डिसेंबरात वंगभंग रद्द झाल्याची घोषणा झाली आणि या दोन घटना लोकस्मृतीत एकमेकींना जणू कार्यकारणभावाने चिकटल्या. बंगालच्या राष्ट्रवादी इतिहासलेखनात १९११ ला जे स्थान आहे ते समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे एक मूळ प्रश्न झाकला गेला. गोऱ्या पलटणीला हरविणारा संघ उभा राहण्यापूर्वी बंगाली मुले या खेळाकडे वळली कशी? त्यांना कोणी वळविले?

या प्रश्नाचे उत्तर कलकत्त्यात शिक्षकाच्या, सरकारी परिपत्रकाच्या किंवा पुढाऱ्याच्या नावाने मिळत नाही. ते एका शाळकरी मुलाच्या नावाने मिळते. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी (१८६९–१९४०) यांनी हेअर स्कूलमध्ये शिकत असताना आपल्या वर्गसोबत्यांना गोळा करून फुटबॉल सुरू केला, असे बंगालमधील क्रीडापरंपरा सांगते. प्रस्तुत निबंधात या कथेची पुनरावृत्ती करावयाची नाही. ही कथा कोणत्या आकृतिबंधात सांगितली गेली, तिच्यातील कोणता भाग ठळक झाला आणि कोणता मागे पडला, हे तपासावयाचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या कथेत प्रसिद्धी मिळाली ती चेंडूला मारलेल्या पहिल्या लाथेला. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्यानंतर जमविलेल्या वर्गणीला.

कथा अशी आहे. १८७७ साली आठ वर्षांचा नगेंद्रप्रसाद आईबरोबर गाडीतून गंगास्नानाला निघाला होता. वाटेत मैदानावर कलकत्ता फुटबॉल क्लबच्या जागेत गोरे लोक खेळताना दिसले. मुलगा गाडीतून उतरून पाहू लागला. चेंडू त्याच्याजवळ गडगडत आला, त्याने तो उचलून कुतूहलाने न्याहाळला, एका गोऱ्याने चेंडू पायाने परत मारावयास सांगितले आणि मुलाने तो मारला. भारतीयाने फुटबॉलला मारलेली ही पहिली लाथ, असे मानले जाते.

या कथेचे लिखित आधार पाहिले तर ते बरेच उत्तरकालीन आहेत. नगेंद्रप्रसादांचे इंग्रजी चरित्र पी. एल. दत्त यांनी १९४४ मध्ये, म्हणजे चरित्रनायकाच्या निधनानंतर चार वर्षांनी, स्मारक समितीसाठी लिहिले. राखाल भट्टाचार्य यांचा ‘कलकातार फुटबॉल’ हा बंगाली ग्रंथ १९५५ चा. बोरिया मजुमदार आणि कौशिक बंद्योपाध्याय यांच्या २००६ मधील ‘गोललेस’ या ग्रंथाने हीच परंपरा अभ्यासकांच्या वर्तुळात आणली. १९११ चा विजय मनात ठेवून १८७७ कडे पाहण्याची सोय या सर्वांना होती. पहिल्या लाथेची गोष्ट कितपत खरी, हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. गाडी, आई, गंगा, मैदान आणि सीमारेषा ओलांडून आलेला चेंडू, एवढे तपशील इतके नेमके बसतात की त्यांना घटनेइतकेच रचनेचेही मोल आहे, हे ओळखणे पुरे.

तौलनिक अभ्यासकाला येथे इंग्लंडमधील एक समांतर कथा आठवल्यावाचून राहणार नाही. रग्बी शाळेतील विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने १८२३ मध्ये नियम धाब्यावर बसवून चेंडू हातात घेतला आणि तो पळत सुटला. त्यातून रग्बी हा खेळ जन्मला, अशी ती कथा. तिचा पहिला उल्लेख मॅथ्यू ब्लॉक्सम यांच्या १८७६ च्या पत्रात येतो, म्हणजे एलिसच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. पुढे माजी विद्यार्थ्यांच्या समितीने १८९५ मध्ये चौकशी केली आणि १९०० साली शाळेच्या भिंतीवर शिलालेखही बसला. दोन्ही कथांत नायक शाळकरी मुलगा आहे, दोन्ही कथा घटनेनंतर अर्धशतक किंवा अधिक काळाने लिहिल्या गेल्या आणि दोन्हींमध्ये एका कृतीवर संपूर्ण खेळाचा जन्म टांगलेला आहे. फरक एवढाच की एलिस आपल्याच शाळेचा नियम मोडतो. नगेंद्रप्रसाद ज्या खेळाची सीमारेषा ओलांडतो तो खेळ त्याचा नाहीच.

आपल्याकडील वाचकाला आणखी एक चेंडू आठवेल. कालियामर्दनाच्या लोकप्रचलित आख्यानात गोपाळांचा चेंडू यमुनेच्या डोहात पडतो आणि तो आणावयास कृष्ण उडी घेतो. भागवताच्या दशम स्कंधातील मूळ प्रसंगात हा चेंडू नाही. तो लोकपरंपरेने मागाहून घातला. का घातला असावा? मला वाटते, देवाला डोहात उडी घेण्यासाठी सवंगड्यांचे निमित्त हवे होते. चेंडू एकट्याचा नसतो. नेमका हाच भाग १८७७ च्या कथेत पहिल्या लाथेपाशी नाही. तो दुसऱ्या अंकात येतो.

दुसरा अंक हेअर स्कूलमध्ये घडतो. शाळेत परतल्यावर नगेंद्रप्रसादाने पाहिलेला खेळ सोबत्यांना सांगितला, त्यांना पटविले, त्यांच्याकडून पैसे गोळा केले आणि मँटन कंपनीच्या दुकानातून चेंडू विकत आणला. शाळेच्या पटांगणात खेळ सुरू झाला तेव्हा शेजारच्याच प्रेसिडेन्सी कॉलेजमधील प्राध्यापक जी. ए. स्टॅक यांनी तो पाहिला. मुलांनी आणलेला चेंडू रग्बीचा आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी मुलांना फुटबॉलचा चेंडू मिळवून दिला आणि खेळाची रीत शिकविली.

रग्बीच्या चेंडूचा हा तपशील सर्वत्र मुलांची गमतीदार चूक म्हणून सांगितला जातो. मला ती चूक वाटत नाही. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७० च्या दशकाच्या आरंभी स्थापन झाला तो रग्बी खेळण्यासाठीच. १८७७ च्या सुमारास गोऱ्या सभासदांचा उत्साह ओसरला आणि क्लब बंद करावयाचे ठरले. शिल्लक रकमेतील २७० चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला आणि तो लंडनच्या रग्बी संघटनेला देण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात १८७९ पासून ज्या ‘कलकत्ता कप’साठी सामने होतात तो हाच चषक, नाग कोरलेल्या त्याच्या तीन मुठी आणि झाकणावरचा हत्ती आजही त्याचा जन्मगाव सांगतात. तेव्हा मुलांनी मैदानावर पाहिलेला खेळ रग्बीच असण्याचा आणि त्यांनी दुकानात बरोबर तोच चेंडू मागितला असण्याचा संभव बराच आहे. एका बाजूला साहेबांचा क्लब आपली वर्गणी वितळवून मायदेशी धाडत होता आणि त्याच सुमारास, त्याच शहरात, मुले आपापले पैसे एकत्र करून चेंडू आणीत होती. या दोन वर्गण्या शेजारीशेजारी ठेवून पाहण्याचे कोणास सुचले नाही याचे नवल वाटते.

वर्गणीला बंगालीत चाँदा म्हणतात आणि चाँद्याला तेथे एक वंशावळ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हुगळीकाठच्या गुप्तीपाड्यात एका धनिकाच्या घरच्या पूजेत प्रवेश न मिळालेल्या बारा मित्रांनी आपसात पैसे जमवून स्वतंत्र पूजा केली, अशी परंपरा आहे. ‘बारोयारी’ हा शब्द त्यातून आला : बारा यार. कालीप्रसन्न सिंह यांच्या ‘हुतोम प्याँचार नक्शा’मध्ये (१८६२) बारोयारीच्या वर्गणीसाठी चालणाऱ्या खटपटींची येथेच्छ टिंगल आहे. म्हणजे हेअर स्कूलची मुले शाळेत जात होती तेव्हा ‘मित्रांनी चाँदा करून एखादी गोष्ट उभी करणे’ ही बंगाली शहरी जीवनातील रुळलेली रीत होती. खेळ परका होता, पण तो अंगवळणी पाडण्याची चौकट घरची होती. आपल्याकडे १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाच्या निमित्ताने आळीआळीत जी मुले पावतीपुस्तके घेऊन हिंडू लागली त्यांच्याशी ही रीत ताडून पाहता येईल. नेतृत्वाचा हा प्रकार भाषणाचा नाही. दुसऱ्याच्या खिशातील पैसा बाहेर निघतो तेव्हाच तो सिद्ध होतो, आणि ज्याने पैसा दिला तो दुसऱ्या दिवशी खेळावयास येतोच.

हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळी शाळांतून चाललेल्या सरकारी व्यायामाशी या घटनेचा भेद स्पष्ट होतो. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज कॅम्पबेल (१८७१–१८७४) यांच्या कारकीर्दीत शाळा-महाविद्यालयांतून जिम्नॅस्टिक्सला उत्तेजन देण्यात आले. मेकॉलेने १८४१ च्या वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली माणसाच्या शारीरिक दुर्बलतेचे जे चित्र रंगविले होते ते या धोरणामागे होतेच. सुशिक्षित बंगाल्यांनीही ते चित्र बऱ्याच अंशी मान्य करून टाकले होते, हे जॉन रोसेली यांनी १९८० मध्ये ‘पास्ट अँड प्रेझेंट’मधील लेखात दाखविले, मृणालिनी सिन्हा यांच्या १९९५ मधील ग्रंथाने त्या विवेचनाला पुढची दिशा दिली. नवगोपाल मित्र यांनी १८६७ मध्ये हिंदू मेळा भरविला आणि आखाडाही चालविला. तरुण नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, तेथे व्यायाम करीत. गीतेच्या अध्ययनापेक्षा फुटबॉलने तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, अशा आशयाचे त्यांचे १८९७ च्या मद्रास येथील व्याख्यानातील विधान सर्वश्रुत आहे. परंतु कॅम्पबेल असोत, मित्र असोत वा विवेकानंद असोत, हे सर्व वडीलधारे आहेत; तरुणांचे शरीर हा त्यांच्या चिंतेचा विषय आहे. हेअर स्कूलच्या कथेत कोणालाच कोणाच्या शरीराची चिंता नाही. मुलांना खेळावयाचे आहे, इतकेच.

रग्बी शाळेकडे पुन्हा एकदा वळावयास हवे. टॉमस ह्यूजच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ (१८५७) या कादंबरीमुळे खेळ आणि चारित्र्य यांची सांगड मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यांनी घातली असा समज जगभर पसरला. वस्तुतः आर्नल्ड यांना मैदानी खेळांचे विशेष अगत्य नव्हते. खेळ मुलेच चालवीत. तेथील फुटबॉलचे नियम १८४५ मध्ये प्रथम लेखनिविष्ट झाले ते तीन विद्यार्थ्यांच्या हातून आणि त्या तिघांत दिवंगत मुख्याध्यापकांचा सतरा वर्षांचा मुलगा विल्यम डेलाफील्ड आर्नल्ड होता. हा विल्यम पुढे हिंदुस्थानात आला, कंपनीच्या लष्करातील अनुभवांवर ‘ओकफील्ड’ (१८५३) ही कडवट कादंबरी त्याने लिहिली, पंजाबचा पहिला शिक्षणसंचालक झाला आणि १८५९ मध्ये मायदेशी परतताना जिब्राल्टरला वारला. मुलांनी मुलांसाठी नियम लिहिले त्यांतला एक जण एका प्रांताची शाळाव्यवस्था उभारावयास येतो, ही वसाहतकालीन शिक्षणाच्या इतिहासातील एक विलक्षण वाट आहे. तिचा तपास अद्याप नीटसा झालेला नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण काश्मीरचे. श्रीनगरच्या मिशन शाळेत सेसिल टिंडेल-बिस्को यांनी १८९१ मध्ये फुटबॉल आणला. ब्राह्मण मुलांनी चामड्याच्या चेंडूला स्पर्श करण्यास नकार दिला. तेव्हा काठ्या घेतलेले शिक्षक मैदानाभोवती उभे करून मुलांना खेळावयास लावले, हे बिस्को यांनी स्वतःच मोठ्या अभिमानाने लिहून ठेवले आहे. जे. ए. मँगन यांच्या १९८६ च्या ‘द गेम्स एथिक अँड इम्पीरिअलिझम’ या ग्रंथापासून ही हकीकत साम्राज्य आणि खेळ यांच्या चर्चेत वारंवार उद्धृत होते. खेळ वरून खाली कसा लादला गेला याचा तो नमुनाच मानला जातो. श्रीनगरच्या चौदा वर्षे आधी कलकत्त्यात, बव्हंशी उच्चवर्णीय घरांतील मुलांनी, चामड्याचा चेंडू स्वतः पैसे जमवून आणला, हे त्या चर्चेत क्वचितच येते. एकाच खेळाचा प्रवेश एका ठिकाणी काठीने झाला आणि दुसऱ्या ठिकाणी चाँद्याने. कलकत्त्याच्या कथनात चामडे अडथळा म्हणून येत नाही. अडथळा पुढे, काही वर्षांनी येतो. आणि तेव्हा तो वस्तूचा नसतो, माणसाचा असतो. त्याकडे शेवटी वळू.

हेअर स्कूलमधील मुलांची ‘बॉईज क्लब’ ही संघटना भारतीयांची पहिली फुटबॉल संस्था मानली जाते. शाळेच्या आवारातून खेळ प्रेसिडेन्सीत गेला, म्हणजे धाकट्यांकडून थोरल्यांकडे. ही दिशा नोंदविण्यासारखी आहे. तेथून तो इतर महाविद्यालयांत आणि मग शाळा सोडलेल्या मुलांच्या क्लबांत गेला. नगेंद्रप्रसादांनीच एकामागून एक क्लब काढले. त्यांतला वेलिंग्टन क्लब सर्वांत मोठा. १८८९ मध्ये ट्रेड्स कप सुरू झाला, त्याच वर्षी मोहन बागान स्थापन झाला. १८९२ मध्ये नगेंद्रप्रसादांच्या शोभाबाजार क्लबने त्या स्पर्धेतील एका सामन्यात ईस्ट सरे रेजिमेंटला हरविले. १८९३ मध्ये आय.एफ.ए.ची स्थापना झाली आणि शील्डची स्पर्धा सुरू झाली. महाविद्यालयांसाठी एलियट शील्ड आले तेही १८९० च्या दशकातच. सरकार आणि संघटना यांनी शालेय खेळाला मांडव घातला तो मुले खेळू लागल्यानंतर दीड दशकाने.

याच पिढीतील दुसरा तरुण सारदारंजन राय. त्यांनी आपल्या भावांना आणि सहाध्यायांना घेऊन ढाक्यात क्रिकेट सुरू केले आणि पुढे कलकत्त्यात टाउन क्लब उभारला. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांवर प्रभुत्व असलेले हे गृहस्थ पुढे विद्यासागरांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. लांब दाढीमुळे आणि फलंदाजीमुळे त्यांना बंगालचे डब्ल्यू. जी. ग्रेस म्हणत. त्यांनी क्रीडासाहित्याचे दुकानही काढले, तेव्हा मुलांना चेंडूसाठी साहेबाच्या दुकानाची पायरी चढण्याची गरज उरली नाही. त्यांचे धाकटे बंधू उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. बंगालमधील संघटित खेळ आणि आधुनिक बालवाङ्मय यांचा उगम एका घरात शेजारच्या खोल्यांतून व्हावा, हा निव्वळ योगायोग नसावा. मुलांचे एक स्वतंत्र जग असते आणि त्या जगाचे कायदे त्यांचे त्यांनी करावयाचे असतात, ही जाणीव दोहोंच्या मुळाशी आहे.

बंगाली बालसाहित्यात या जाणिवेने एक पात्रप्रकार घडविला : दादा. प्रेमेंद्र मित्रांचा घनादा, नारायण गंगोपाध्यायांचा टेनिदा, सत्यजित रायांचा फेलुदा, ही सारी नावे ‘दा’कारान्त आहेत. हा दादा बाप नव्हे, गुरुजी नव्हे. वयाने मोठा असलेला, अर्धा आपल्यातला आणि अर्धा पुढचा. टेनिदा तर परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणारा आणि पोरांच्या खिशावर खाणारा. त्याची चौकडी बसते त्या पटलडांग्यापासून हेअर स्कूल हाकेच्या अंतरावर आहे. त्याची फुशारकी ऐकून घेत त्याच्या मागे जाणारी मुले पाहिली की शंभर वर्षांपूर्वीच्या पुढाऱ्याकडे जरा कमी भक्तिभावाने पाहता येते. चेंडूसाठी पैसे मागणाऱ्या मुलातही थोडा टेनिदा असलाच पाहिजे.

मराठीत ‘दादा’ हा शब्द आदराचा आहे तसाच धाकाचाही. गल्लीचा दादा म्हटल्यावर अर्थ फिरतो. आपल्या बालसाहित्यातील नायक बहुधा एकांडे आहेत. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आपल्या गुणांनी घराचे आणि शाळेचे मन जिंकतो, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून येऊन सायकलवरून पुणे पालथे घालतो, पण त्याच्या मागे फलटण नसते. उलट संघभावना व्यक्त करणारे शब्द मात्र मराठीत विपुल आहेत : सवंगडी, भिडू, गडी. ‘गडी’ म्हणजे खेळाडू आणि गडी म्हणजे घरचा नोकरही, ही सामाजिक गंमत त्या एका शब्दात साठलेली आहे. संतांच्या गाथांत हुतूतू, हमामा, विटीदांडू, फुगडी या खेळांवर अभंग आहेत आणि काल्याच्या प्रसंगी सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या जातात. ज्याची शिदोरी काल्यात पडली तो सवंगडी. ही कल्पना चाँद्याच्या फार जवळची आहे. परंतु महाराष्ट्रात आधुनिक क्रीडासंघटन आले ते या वाटेने नव्हे. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या वतीने बांधले गेले ते प्रौढ मंडळींकडून. मुलांचा खेळ मोठ्यांनी हाती घेऊन सुधारला.

बंगालमधील राजकीय तरुणसंघटनेचाही येथे उल्लेख करावयास हवा, कारण मराठी वाचकाचे लक्ष साहजिकच तिकडे जाते. नगेंद्रप्रसादांच्याच वर्षी, १८६९ मध्ये, देवघरजवळच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या सखाराम गणेश देऊसकरांनी १९०२ पासून बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजविला. त्याच वर्षी कलकत्त्यात अनुशीलन समिती लाठीकाठीच्या वर्गांतून उभी राहिली. नाशिकच्या मित्रमेळ्याशी तिचे साम्य नावापासून जाणवते. दोन्हींत समवयस्कांनी समवयस्कांना ओढले. मात्र तेथे शपथ होती, गुप्तता होती, आणि सभासदाला गाळून घेण्याची पद्धत होती. फुटबॉलच्या क्लबाला गाळून घेणे परवडत नाही. अकरा आणि अकरा बावीस, एवढे तरी जमावे लागतात.

तरीही गाळणी होतीच. हेअर स्कूल हे भद्रलोकांच्या मुलांचे विद्यालय होते आणि सर्वाधिकारींचे घराणेही साधे नव्हते. वडील सूर्यकुमार नामांकित डॉक्टर, बंधू देवप्रसाद १९१४ ते १९१८ या काळात कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू. मुसलमान तरुणांनी आपले स्वतंत्र क्लब काढले आणि त्यांतून १८९१ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग आकाराला आला. मुली या कथेत नाहीत. गाडीत बसून राहिलेली आई एवढीच काय ती स्त्री. चाँदा मागितला कोणाला, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

आणि येथेच वेलिंग्टन क्लबची हकीकत येते. मणि दास नावाच्या, कुंभाराच्या मुलाला नगेंद्रप्रसादांनी क्लबात घ्यावयाचे ठरविले. उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. नगेंद्रप्रसादांनी समजूत घालून पाहिली. ती पटेना तेव्हा त्यांनी क्लबच विसर्जित केला. त्यानंतर शोभाबाजार क्लब निघाला (सालाबद्दल १८८५ आणि १८८७ असे दोन पक्ष आहेत) आणि त्याच्या सभासदांत पहिले नाव घातले गेले ते मणि दासचे. विशीच्या आतबाहेर असलेल्या तरुणाने शेकडो सभासदांची, स्वतः जमविलेली संस्था एका मुलासाठी मोडावी, हे पहिल्या लाथेपेक्षा निश्चितच अवघड होते. चरित्रकाराने याही प्रसंगाला उजाळा दिला असणार हे धरून चालले, तरी कथेचा हा भाग राष्ट्रीय विजयगाथेत सहज बसत नाही, आणि म्हणूनच मला तो अधिक विश्वसनीय वाटतो. येथे प्रतिपक्ष गोरा नाही. प्रतिपक्ष आपलेच भिडू आहेत.

मुंबईच्या मैदानांवर याच सुमारास वेगळी व्यवस्था रुळत होती. पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदू तरुणांचा बॉम्बे युनियन क्लब १८६६ चा. तेथेही आरंभ गोऱ्यांचा खेळ दुरून पाहणाऱ्या मुलांनीच केला होता. पण पुढे क्लबांची नावेच सांगू लागली की सवंगडी कोण : गौड सारस्वत, क्षत्रिय, तेलुगू. स्पर्धाही धर्मवार झाल्या. कलकत्त्यात क्लबाला पाड्याचे किंवा शाळेचे नाव मिळाले. त्यामुळे जात नाहीशी झाली नाही, परंतु तिला दारावर पाटी लावता आली नाही. आत येऊ पाहणाऱ्याला नकार देताना तो उच्चारावा लागला, आणि उच्चारल्यामुळेच क्लब मोडण्याची वेळ आली.

पुण्यात चर्मकार कुटुंबातील पालवणकर बाळू (जन्म १८७६) गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता गोलंदाज झाले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती म्हणून त्यांना घेतले. चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यातून दिला जाई. रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या ग्रंथामुळे हा प्रसंग आता सर्वांना ठाऊक आहे. बाळूंच्या कपासाठी चाक फिरविणारा कुंभार आणि कलकत्त्यात ज्याच्या मुलासाठी क्लब मोडला तो कुंभार, यांना एका वाक्यात आणण्याचा मोह आवरत नाही. १९११ च्या ज्या उन्हाळ्यात मोहन बागान शील्डसाठी खेळत होता त्याच उन्हाळ्यात बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेत होते. मैदानावर त्यांना सर्व काही मिळाले, कर्णधारपद सोडून. ते रीतसर त्यांच्याकडे कधीच आले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले ते १९२३ मध्ये, आणि तोवर बाळूंचे खेळण्याचे वय उलटून गेले होते.